पुढचं मिळेपर्यंत

माझ्या साऊंडच्या धंद्यात मला सगळ्यात जास्त बदनाम कोणी केलं असेल तर उजागरे पाळकांनी. जयंतीच्या मिरवणुकीत जनरेटर बसला, कोणाच्या तरी हळदीत स्पीकरचे बॉक्स जळाले, हे सगळं झालंय माझ्याकडून. पण तेव्हा निदान सामान खरंच बिघडलेलं होतं. पाळकांच्या उपासनेत सामान ठणठणीत असायचं आणि तरी अधूनमधून अख्खा हॉल माना वळवून माझ्याकडे बघायचा. कारण पाळक संदेश, म्हणजे त्यांचं प्रवचन, देता देता मध्येच थांबायचे. वाक्य अर्धं टाकून, दोन्ही हात समोरच्या लाकडी स्टँडवर ठेवून, खाली बघत नुसते उभे. लोकांना वाटायचं माईक गेला.

घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी एका शाळेचा हॉल आहे. मराठी ख्रिस्ती लोकांची एक छोटी मंडळी तो हॉल दर रविवारी भाड्यानं घ्यायची. मंडळी म्हणजे त्यांच्यात चर्चची माणसं, आणि पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. बहुतेक सगळी नगर-जालन्याकडची, कोणी म्युनिसिपालिटीत, कोणी हॉस्पिटलात नर्स, कोणी रिक्षावाला. आम्हीही मूळचे जालन्याकडचेच, पण आम्ही बौद्ध. देव हा विषय आमच्या घरात नाही. त्यांना ते माहीत होतं, मला त्यांचं माहीत होतं, आणि माझं काम होतं दोन बॉक्स, मिक्सर, गाणाऱ्यांचे माईक आणि पाळकांचा कॉलर माईक. मागच्या भिंतीला टेबल लावून, कानाला हेडफोन घालून मी बसायचो.

पहिल्यांदा ते थांबले तेव्हा मी अक्षरशः टेबलाखाली शिरलो. वायर हलवून बघितली, कनेक्शन दाबलं, सेल बदलायला पुढे निघालो आणि मग लक्षात आलं की हेडफोनमध्ये श्वास ऐकू येतोय. म्हणजे माईक चालू, माणूस चालू, फक्त बोलणं बंद. तोवर मी घामानं भिजलो होतो. उपासना संपल्यावर मी सरळ त्यांना गाठलं.

“पाळकसाहेब, माईक ठीक होता. तुम्ही थांबलात.”

“हो,” ते म्हणाले. “पुढचं मिळालं नव्हतं.”

“मग बोलायचं ना काहीतरी. माणसं बसलीयत, लहान पोरं आहेत, माझ्याकडे बघतायत सगळे.”

“काहीतरी मला रोजच सुचतं हो मोरेभाऊ. त्याच्यासाठी देवाला कशाला त्रास द्यायचा?”

हे ते मस्करीत म्हणाले की मनापासून, मला तेव्हाही कळलं नाही. चेहरा असा की दोन्ही बसेल. उंच, सडपातळ, केसांना तेल चोपडलेलं, पांढऱ्या झग्याखाली साध्या चपला. मला बघितलं की स्वतःहून “जय भीम” म्हणायचे, मग मी त्यांच्यातलं “सलाम” म्हणायचो. कॉलर माईक त्यांना एकदाही स्वतःला लावता आला नाही. चिमटा उलटा लावायचे, नाहीतर झग्याच्या आत. शेवटी दर रविवारी मीच लावून द्यायला लागलो. मी माईक लावत असताना ते हनुवटी वर करून, शाळेतल्या पोरासारखे गप्प उभे राहायचे.

“बघू काय मिळतंय” हे त्यांचं पालुपद. संदेश तयार आहे का, तर बघू काय मिळतंय. नाताळचा कार्यक्रम किती वाजता, तर बघू. मला असल्या माणसांचा भयंकर राग येतो. आमच्या धंद्यात बघू म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे वाट लागली समजायची. आणि हा माणूस तर दीड-दोनशे लोकांचा पुढारी. पुढारी म्हटल्यावर कसं, छाती काढून बोलायला पाहिजे, हे असं करा, ते तसं करा. यांच्याकडे काही विचारायला जावं तर हेच आपल्याला विचारायचे.

माझी आई हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा ते भेटायला आले. बरोबर त्यांची बायको, सुमनबाई. मंडळीतले सगळे त्यांना पाळकीणबाई म्हणायचे. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, हातात कायम भाजीची पिशवी. पाळकांनी आईला विचारलं, “आजी, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?”

“करा की,” आई म्हणाली. “पण बाबा, आमच्यात देव नाही.”

“आमच्यात आहे. तिथूनच मागतो.”

त्यांनी प्रार्थना केली, अगदी थोडक्यात. मी म्हटलं झालं, आता चहा आणावा. तर हा माणूस आईच्या खाटेजवळ खाली फरशीवर बसला आणि म्हणाला, “आजी, आता तुम्ही माझ्यासाठी काहीतरी म्हणा.” आई बिचारी गोंधळली. तुम्हाला काय झालंय, म्हणाली. तर म्हणतात, “मला इतकी माणसं सांभाळायचीत आणि माझ्यात तेवढं बळ नाही.” आईनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग तिनं हात जोडून आपली वंदना म्हटली, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाळक डोळे मिटून बसले होते. नंतर कळलं की ते प्रत्येक घरात असंच करायचे. पाळक आशीर्वाद द्यायला आले म्हणून लोक घर झाडून, चांगल्या चादरी घालून बसायचे आणि जाताना हे त्यांच्यासमोर मान वाकवून बसायचे. काही म्हाताऱ्यांना ते आवडायचं, काहींना फार लाज वाटायची.

ते गेल्यावर आई म्हणाली, “माणूस लई भला आहे रे. पण ह्याच्या मागं चालायचं कसं कुणी?”

तेच तर. मला त्यांचा राग यायचा आणि रविवारी ते आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटायचं. दोन्ही कसं खरं असेल? पण होतं.

त्यांच्या थांबण्यामुळे नुकसान झालंच नाही असं मी म्हणणार नाही. एकदा गाण्यावरून भांडण पेटलं. म्हातारी माणसं म्हणत होती पेटी-तबल्यावरच गायचं, तरुण पोरांना कीबोर्ड आणि ड्रम हवे होते. मिटिंग उपासनेनंतर हॉलमध्येच झाली, मी वायरी गुंडाळत होतो. मंडळीचे सेक्रेटरी थोरात साहेब, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सरळ माणूस, खुर्च्या मांडण्यापासून भाडं भरण्यापर्यंत सगळं तेच बघायचे. ते उभे राहून म्हणाले, “पाळकसाहेब, तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते आम्ही ऐकू.” पाळकांनी डोळे मिटले. आम्ही वाट बघतोय, बघतोय. शेवटी ते म्हणाले, “मला अजून काही मिळालेलं नाही. पुढच्या रविवारी बसू.”

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तरुण पोरांपैकी बरीचशी मुलुंडच्या एका चर्चमध्ये निघून गेली, चार घरं आईबापांसकट गेली. एक शब्द बोलले असते तर ती पोरं राहिली असती. मी त्यांना तसं तोंडावर म्हणालो. हा आपला विषय नाही हे कळत होतं, पण राहवलं नाही.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण खोटं कसं सांगू, की देवानं तबला सांगितलाय?”

“देवाचं राहू द्या. तुमचं तुम्ही सांगायचं ना.”

“माझं बळ माझ्याजवळ आहे तेवढंच. ते मी वापरायला लागलो की लोक आधी माझ्यामागे येतील आणि मग माझ्यावरच चिडतील.” असं म्हणून ते माझ्याबरोबर बॉक्स उचलायला लागले. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. याला श्रद्धा म्हणायचं की नुसता डळमळीतपणा, हे मी आजही पैजेवर सांगू शकणार नाही.

मग सुमनबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या, दोन दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर पाळकांचं थांबणं वाढलं. पूर्वी लोकांनी खोकून घ्यावं इतकं असायचं, आता पोरं रडायला लागायची, पंख्यांचा आवाज मोठा वाटायला लागायचा. कधी ते पुढे बोलायचे, कधी “इतकंच” म्हणून बसायचे. लोकांच्या माना आता माझ्याकडे वळत नव्हत्या. आता ते एकमेकांकडे बघायचे. कोणी म्हणालं वय झालं, विसरतात. कोणी म्हणालं, नाही, पूर्वीपासूनच देवाच्या आत्म्याची वाट बघतात. डॉक्टरकडे नेऊन आणलं, त्यानं वयाप्रमाणे ठीक म्हणून सोडून दिलं.

गुड फ्रायडे जवळ आला. त्या दिवशी त्यांच्यात भरदुपारी तीन तासांची मोठी उपासना असते. येशूनं क्रुसावर जी सात वाक्यं उच्चारली, त्यांच्यावर सात जण बोलतात. बाहेरून पाहुणे येतात. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीनं ठरवलं की या दिवशी जर पाळक थांबले, तर ईस्टरनंतर दुसरा पाळक बघायचा. थोरात साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मोरे, एक काम करा. ते थांबले की तुम्ही हळूच पेनड्राइव्हवरचं म्युझिक सोडा. लोकांना वाटेल असंच ठरलेलं आहे. माझ्या खुर्चीवरून मी हात करतो.”

“त्यांना माहीत आहे?”

“त्यांच्या भल्यासाठीच करतोय हो. मला काय आनंद आहे त्यांना काढण्यात?” थोरात साहेबांचा आवाज फुटला. मला त्यांचीही कीव आली.

शुक्रवारी मी पाळकांना माईक लावत होतो. ते हनुवटी वर करून उभे होते आणि तसंच वर छताकडे बघत म्हणाले, “मोरेभाऊ, मला हे काम सोडायचं नाही हो. मला दुसरं काही येत नाही. घरी कोणी नाही.” मी म्हटलं, आज जे लिहिलंय ते सरळ वाचून काढा, थांबू नका. ते म्हणाले, “बघू.” मला अस्सा राग आला.

चौथ्या वाक्याला त्यांची पाळी. ज्यात येशू देवालाच विचारतो की मला का टाकलंस, ते. सुरुवात चांगली झाली. हॉल गच्च, बाहेर जिन्यापर्यंत माणसं. मी म्हटलं निघतंय आज. आणि एका वाक्याच्या मध्येच ते थांबले.

मी थोरात साहेबांकडे बघितलं. त्यांनी लगेच नाही, पण हात केला. माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात हेडफोनमध्ये काहीतरी आलं. इतकं हळू की बॉक्समधून ते कोणाला कळलं नसेल. पंखे चालू होते. मी कान दाबून धरला.

“सुमन,” ते म्हणत होते. “सुमन, पुढे काय गं?”

दोनदा म्हणाले. मग नुसता श्वास. थोरात साहेब हात हलवतायत, हलवतायत, आणि माझं बोट काही खाली जाईना. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना त्याच्यावर गाणं लावायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, आणि तिथे बोलणं चालू होतं. मला एकट्यालाच ऐकू येत होतं, एवढंच.

मग पाळकांनी मान वर केली आणि पुढे बोलले. मोजून चार-पाच वाक्यं. देवानं टाकलंय असं वाटतं तेव्हासुद्धा माणूस तक्रार त्याच्याकडेच घेऊन जातो, असं काहीतरी. मला नीट सांगता येणार नाही, पण पुढच्या रांगेतल्या नर्सबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

उपासना संपल्यावर पंच कमिटी शेजारच्या वर्गात बसली. मोठी मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे आवळून. मी वायरी काढत होतो तर मला आत बोलावलं. थोरात साहेब म्हणाले, “मोरे, तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमच्या कानात सगळं येतं. ते थांबले तेव्हा काय करत होते? प्रार्थना करत होते, की विसरले होते?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एका माणसाची भाकरी माझ्या जिभेवर होती. मी म्हणालो, “प्रार्थना करत होते.”

“नक्की?”

“मी ऐकलं ना.”

थोरात साहेबांनी सुस्कारा सोडला. मग राहू दे त्यांनाच, म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या, एकदोघांनी तर देवाचे आभार मानले. मी बाहेर आलो तर जिन्यात पाळक एकटेच बसलेले, झगा घडी करून मांडीवर.

“काय सांगितलंत त्यांना?”

मी सांगितलं.

“पण मी तर सुमनला विचारत होतो,” ते म्हणाले.

“ऐकलं मी.”

“मग असं का सांगितलंत?”

“पाळकसाहेब, तुमच्यात प्रार्थना कशाला म्हणतात मला काय माहीत? समोर नसलेल्या माणसाला कोणी इतकं काकुळतीनं विचारत असेल तर मी त्याला दुसरं काय म्हणू?”

त्यांनी मांडीवरच्या झग्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग सांगायला लागले. दर शनिवारी संध्याकाळी ते संदेश मोठ्यानं वाचायचे आणि सुमनबाई समोर भाजी चिरत बसायच्या. त्या बोलायच्या नाहीत काही. पण मध्येच त्यांची सुरी थांबायची. सुरी थांबली की यांना कळायचं की इथे आपण फेकतोय, हे आपल्याला मिळालेलं नाही, आपणच रचलंय. ते वाक्य ते खोडायचे. रविवारी कधी नवीनच काहीतरी तोंडात यायचं, तेव्हा ते थांबून बघायचे की हिची सुरी इथे चालली असती का.

“आता ती नाही,” ते म्हणाले. “आता मी थांबतो तेव्हा देवाची वाट बघतो, की तिची, की नुसता विसरलेला असतो, मला स्वतःलाच कळत नाही. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की आपल्या बळावर काही नाही, त्याच्या बळावर. आणि मोरेभाऊ, ते बळ त्याचं होतं की तिचं?”

हे मला विचारताय, मी म्हणालो. मला. त्यांना हसू आलं, मलाही आलं. पण मग मी त्यांना बजावलं, की झालं ते झालं, कमिटीनं राहू दे म्हटलंय, आता गप्प राहा. तुम्हाला काम हवंय ना? “हवंय,” ते म्हणाले. अगदी बारीक आवाजात.

ईस्टरच्या सकाळी हॉल फुलांनी भरला होता. पोरं नवीन कपड्यांत, बायका मोगरा माळलेल्या, जो तो एकमेकांना सलाम करतोय. मी माईक लावला. पाळक स्टँडपाशी गेले, कागद उघडलाच नाही, आणि म्हणाले, “परवा मी थांबलो तेव्हा प्रार्थना करत होतो असं तुम्हाला सांगितलं गेलं. साऊंडवाल्या भाऊंनी त्यांच्या चांगुलपणानं सांगितलं. मी माझ्या बायकोला हाक मारत होतो. ती प्रार्थना होती की नाही, ते मला माहीत नाही. ज्याला हे माहीत नाही त्याच्या मागे तुम्ही चालावं असं मला वाटत नाही. मला पुढचं मिळेल तेव्हा मिळेल, पण तोवर तुम्हाला उभं ठेवणं बरोबर नाही.”

मी मागे बसून दात आवळत होतो. अरे, चांगलं निभावलं होतं, काय गरज होती? थोरात साहेब मान खाली घालून बसले होते. गाणाऱ्यांना कळेना गावं की नाही. एक म्हातारी नुसतीच “पाळकसाहेब, पाळकसाहेब” म्हणत राहिली.

ते पायरीवरून खाली उतरले आणि मधल्या वाटेत उभे राहिले. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये येऊन त्यांना बसायची जागाच नव्हती. त्यांची जागा कायम वर, लोकांसमोर. ते दोन्ही बाजूंच्या रांगांकडे बघत होते आणि कोणी सरकत नव्हतं. रागानं नव्हे. पाळकाला सरकून जागा द्यायची असते हे कोणाला सुचतच नव्हतं. मग ते तसेच चालत, झगा सावरत, थेट मागच्या भिंतीपर्यंत आले. माझ्या टेबलाशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर माझी बॅग. मी बॅग खाली ठेवली.

ते बसले. पुढे थोरात साहेब उठून स्वतःच गीत सुरू करत होते, थरथरत्या आवाजात, भलत्याच पट्टीत. मी पाळकांचा माईक बंद केला आणि थोरात साहेबांच्या माईकचा आवाज जरा वर घेतला.

“इथून सगळं ऐकू येतं का हो?” पाळकांनी हळूच विचारलं.

“येतं,” मी म्हणालो. “कळत मात्र नाही.”

“मग बरोबर जागेवर आलो,” ते म्हणाले, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.